झाडीपलीकडचा बिनतारी दुवा

उन्हाळ्यात उत्तम चाललेला बिनतारी दुवा पावसाळ्याच्या तोंडावर अचानक मंदावतो आणि आषाढात पूर्ण तुटतो, हा अनुभव डोंगराळ आणि झाडीच्या प्रदेशात इंटरनेट पोहोचविणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. यंत्र बिघडलेले नसते, मनोरा हललेला नसतो, वीजही असते. बदललेली असतात ती फक्त झाडे. फाल्गुन-चैत्रात निष्पर्ण उभा असलेला साग जूनमध्ये ताटाएवढ्या रुंद पानांनी भरून जातो आणि मार्चमध्ये आरपार जाणाऱ्या लहरींपुढे ओल्या पानांची भिंत उभी राहते. दूर अंतरावरील दोन ठिकाणे तारेशिवाय जोडताना डोंगराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक फसवा अडथळा झाडांचा असतो. डोंगर नकाशात दिसतो. झाडे नकाशात नसतात आणि ती दरवर्षी वाढतात.

अशा दुव्यावर काय अवलंबून असते, हेही लक्षात घ्यायला हवे. ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशीय तंतूची केबल नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मात्र ग्रामपंचायतीपासून दोन-चार किलोमीटरवर असलेले पाडे, वाड्या, आश्रमशाळा आणि आरोग्य उपकेंद्रे यांच्यापर्यंतचा शेवटचा टप्पा अनेक ठिकाणी उरतोच. खडकाळ जमिनीत वा वनहद्दीत चर खणणे महाग आणि वेळखाऊ असते. तेथे बिनतारी दुवा हाच व्यवहार्य पर्याय ठरतो आणि नेमकी तेथेच झाडी दाट असते.

विटीच्या आकाराची वाट

दूर अंतराच्या दुव्यासाठी सामान्यतः २.४ वा ५.८ गिगाहर्ट्झ या वारंवारतांच्या लहरी वापरल्या जातात. घरातील वाय-फाय यंत्र याच पट्ट्यांत काम करते. फरक एवढाच, की घरातले यंत्र ऊर्जा चहूकडे पसरविते, तर लांब पल्ल्यासाठी जाळीच्या वा ताटलीच्या आकाराची अँटेना वापरून ती एका अरुंद झोतात एकवटली जाते. अशा दोन अँटेना समोरासमोर बसविल्या, की दुवा तयार होतो.

त्यासाठी पहिली अट असते दृष्टिरेषेची. एका टोकावरून दुसरे टोक दिसले पाहिजे. परंतु केवळ दिसणे पुरेसे नसते. लहर सुतासारख्या सरळ रेषेत जात नाही. तिला रेषेभोवती मोकळी जागा लागते. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्यभागी फुगीर, अशी विटीच्या आकाराची ही जागा असते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल यांच्या नावावरून तिला ‘फ्रेनेल क्षेत्र’ म्हणतात. दहा किलोमीटरच्या दुव्यात २.४ गिगाहर्ट्झला या विटीची मध्यावरील त्रिज्या सुमारे १७.७ मीटर, तर ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे ११.४ मीटर भरते. तिचा किमान ६० टक्के भाग मोकळा असावा, असा संकेत आहे. म्हणजेच दुर्बिणीतून समोरचा मनोरा झाडांच्या शेंड्यांवरून स्वच्छ दिसत असूनही दुवा अशक्त राहू शकतो. कारण विटीचा खालचा भाग शेंड्यांत रुतलेला असतो. शेंड्यांची रांग दृष्टिरेषेला नुसती टेकली, तरी चाकूच्या धारेसारख्या अडथळ्याने होणारा क्षय सुमारे ६ डेसिबल, म्हणजे ऊर्जेचा तीन-चतुर्थांश भाग, इतका असतो.

पृथ्वीची वक्रताही विसरून चालत नाही. वातावरणातील वक्रीभवन जमेस धरल्यास दहा किलोमीटरच्या दुव्याच्या मध्यावर जमिनीचा फुगवटा दीड मीटर, तर तीस किलोमीटरच्या दुव्याच्या मध्यावर सुमारे १३ मीटर असतो. सपाट भूभागावर दहा किलोमीटरच्या वाटेत मधोमध पंधरा मीटर उंचीची झाडे असतील, तर २.४ गिगाहर्ट्झसाठी झाडे १५, वक्रता दीड आणि मोकळी जागा साडेदहा, असे मिळून दोन्ही टोकांना २७ मीटर उंचीचे मनोरे लागतात. झाडांच्या वाढीसाठी आणखी काही मीटर धरल्यास ही उंची तीस मीटरवर जाते. नऊ-दहा मजली इमारतीएवढा हा मनोरा खेड्यातील शाळेसाठी उभारायचा कोणी आणि कोणाच्या पैशाने, हा खरा प्रश्न असतो.

पान, पाणी आणि लहर

मनोरा परवडत नसेल, तर लहर झाडीतूनच नेण्याचा मोह होतो. तेथे नेमके काय घडते? हिरव्या पानाचा मोठा भाग पाण्याचा असतो आणि पाणी या वारंवारतांची ऊर्जा शोषून घेते. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झची पाच सेंटिमीटरच्या आसपास असते. पाने, डहाळ्या आणि फांद्या यांची मापेही याच पंक्तीतली. त्यामुळे लहर नुसती शोषली जात नाही, तर आदळून दाही दिशांना विखुरते. विखुरलेले तुकडे वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढे पोहोचतात आणि कधी एकमेकांना बळ देतात, तर कधी एकमेकांना पुसून टाकतात. वारा सुटला, की या वाटा क्षणाक्षणाला बदलतात. म्हणून झाडीतून जाणारा दुवा वाऱ्याबरोबर हेलकावे खातो.

पावसाबाबत एक गैरसमज रूढ आहे. या वारंवारतांवर हवेतून पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचा परिणाम जवळजवळ नगण्य असतो. पावसाळ्यात दुवा तुटतो तो थेंबांमुळे नव्हे, तर भिजलेल्या पानांमुळे आणि जोडणीत शिरलेल्या पाण्यामुळे. पाऊस थांबल्यावर, पाने निथळून सुकल्यावर, दुवा हळूहळू पूर्ववत होतो. दोष झाडीत आहे की जोडणीत, हे ओळखण्याची ही एक साधी खूण आहे. ऊन पडूनही दुवा सुधारत नसेल, तर आधी केबलची टोके तपासावीत.

हिशेब काय सांगतो?

झाडीतील क्षयाचा अंदाज घेण्यासाठी अनेक सूत्रे वापरली जातात. अमेरिकी अभियंते मार्क वाइसबर्गर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडलेले सूत्र त्यांपैकी विशेष प्रचलित आहे. पानांनी भरलेल्या, कोरड्या झाडीसाठी ते आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही वनस्पतींतून होणाऱ्या क्षयावर स्वतंत्र शिफारस प्रसिद्ध केली आहे. वाइसबर्गर यांच्या सूत्रानुसार ५० मीटर जाडीच्या झाडीतून जाताना २.४ गिगाहर्ट्झला सुमारे १७, तर ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे २२ डेसिबल क्षय होतो. झाडी १०० मीटर जाड असेल, तर हेच आकडे अनुक्रमे सुमारे २६ आणि ३३ होतात. डेसिबलच्या भाषेत दर १० एककांना ऊर्जा एक-दशांश होते. म्हणजे १०० मीटर झाडी ओलांडल्यावर २.४ गिगाहर्ट्झची ऊर्जा सुमारे साडेतीनशेपटीने, तर ५.८ गिगाहर्ट्झची जवळजवळ दोन हजारपटीने घटते.

या आकड्यांचे मोल अंतराशी तुलना केल्यावर ध्यानात येते. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले, की क्षय केवळ ६ डेसिबलने वाढतो. त्या हिशेबाने वाटेत शंभर मीटर झाडी येणे म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा दहा किलोमीटरचा दुवा १९० किलोमीटरवर नेण्यासारखे आहे. अंतर ही तुलनेने किरकोळ अडचण आहे, याचे प्रात्यक्षिक २००७ मध्ये व्हेनेझुएलात मिळाले. एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँडीज पर्वतातील शिखरावरून ३८२ किलोमीटर अंतराचा वाय-फाय दुवा जोडून दाखविला. उंच पर्वतामुळे मधली वाट पूर्णपणे मोकळी होती, हे त्या यशाचे मर्म होते.

आता दहा किलोमीटरच्या दुव्याचा ताळेबंद मांडू. भारतीय नियमांनुसार २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अँटेनेच्या झोतातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम, इतकीच ठेवता येते. दहा किलोमीटरच्या वाटेत १२० डेसिबल खर्ची पडतात. समोरची अँटेना २४ डेसिबलची भर घालते. हाती उरतात उणे ६० डीबीएम, म्हणजे एका वॉटचा अब्जांश भाग. ही ऊर्जा ग्राहक यंत्राला भरपूर आहे. साधारण उणे ७५ पर्यंत ते वेगाने आणि उणे ९० च्या आसपासपर्यंत रडतखडत चालू शकते. वाटेत ५० मीटर झाडी आली, तर आकडा उणे ७७ वर येतो. दुवा मंदावतो, पण टिकतो. झाडी १०० मीटर झाली, की तो उणे ८६ पर्यंत घसरतो. कागदावर दुवा जिवंत असतो; परंतु हवामानातील चढउतारांसाठी हाताशी जी १० ते २० डेसिबलची शिल्लक ठेवावी लागते, ती उरत नाही. पहिल्याच दमदार सरीत पाने भिजतात आणि दुवा तुटतो. एप्रिलमध्ये घेतलेली चाचणी जुलैत खोटी ठरते, ती या शिलकीअभावी.

जंगल आणि रेडिओ : जुने नाते

झाडे आणि बिनतारी लहरी यांचा संबंध शंभरहून अधिक वर्षे अभ्यासिला जात आहे. अमेरिकी लष्कराचे अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी १९०४ मध्ये जिवंत झाडाला तार जोडून त्याचाच अँटेनेसारखा उपयोग करून पाहिला होता. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी हे प्रयोग प्रसिद्धीस आणले. त्या काळच्या दीर्घ लहरींना झाड अडवीत नसे, उलट साहाय्यभूत होत असे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात उष्णकटिबंधीय जंगलात सैनिकांचे रेडिओ संच मुके पडू लागले, तेव्हा अमेरिकेने १९६० च्या दशकात थायलंडच्या अरण्यात विस्तृत मोजमापे केली. १९६७ मध्ये थिओडोर तामीर यांनी दाखवून दिले, की कमी वारंवारतेच्या लहरी अरण्यातून थेट जाण्याऐवजी वर चढतात, झाडांच्या माथ्यावरून सरकतात आणि पुन्हा खाली उतरतात. लहर जितकी लांब, तितकी झाडी तिला पारदर्शक, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

भारतातील अनुभव

कानपूरच्या आयआयटीने या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ या प्रकल्पात उत्तर प्रदेशातील खेडी वाय-फायच्या लांब दुव्यांनी जोडून पाहिली. गंगेच्या सपाट मैदानात डोंगराचा आधार नसल्याने झाडांवरून जाण्यासाठी उंच मनोरे अपरिहार्य होते. यंत्रे स्वस्त झाली तरी मनोरा स्वस्त होत नाही आणि एकूण खर्चात त्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो, हा त्यातून निघालेला महत्त्वाचा निष्कर्ष होता.

तामिळनाडूत २००५-०६ च्या सुमारास थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालय आणि आसपासची ग्रामीण दृष्टिकेंद्रे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहकार्याने अशा दुव्यांनी जोडण्यात आली. खेड्यातील रुग्ण केंद्रात बसून रुग्णालयातील डॉक्टरांशी समोरासमोर बोलू लागला. तपासणीसाठी शहरात हेलपाटा घालणे आणि त्यापायी दिवसाची मजुरी बुडविणे टळले. याच गटाच्या अभ्यासात असेही आढळले, की यंत्रे निकामी होण्यामागे हवामानापेक्षा विजेच्या दाबातील चढउतार हे मोठे कारण होते.

हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘एअरजल्दी’ जाळ्याची अडचण वेगळी होती. तेथे डोंगर आणि देवदार-चीड यांची झाडी, दोन्ही आडवे येत. उंच जागी सौरऊर्जेवर चालणारी पुनर्प्रक्षेपण केंद्रे उभारून वाट वळवून नेणे, हा तेथे स्वीकारलेला मार्ग होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण पालघरचे आहे. मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर परिसरातील गावे जोडताना दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वाहिन्यांचा प्रायोगिक उपयोग केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील १५ पैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या असल्याचे तेथील संशोधकांनी दाखवून दिले होते. या लहरी झाडीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. ५०० मेगाहर्ट्झला शंभर मीटर झाडीतील क्षय वाइसबर्गर यांच्या सूत्राने सुमारे १६ डेसिबल येतो, म्हणजे ५.८ गिगाहर्ट्झच्या तुलनेत पन्नासपटीने अधिक ऊर्जा पलीकडे पोहोचते. या प्रकल्पास २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. मात्र हा पट्टा सर्वांना खुला नाही. त्यासाठी सरकारची स्वतंत्र अनुमती लागते.

उभारणीचा क्रम

दुवा उभारताना सर्वप्रथम भूभागाचा छेद काढावा. २००० साली अवकाशयानातून घेतलेल्या रडार मोजणीचे उंचीचे आकडे त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. परंतु ते रडार दाट झाडीत जमिनीपर्यंत पूर्णपणे पोहोचत नव्हते. त्यामुळे वनप्रदेशातील उंची जमिनीचीही नसते आणि शेंड्याचीही नसते, हे ध्यानात ठेवावे. प्रत्यक्ष वाटेवर फिरून झाडांची जात, उंची आणि जागा नोंदविण्यास पर्याय नाही. साग, पळस, ऐन ही पानझडी झाडे असतील, तर निर्णायक चाचणी पावसाळ्यातच घ्यावी. आंबा, काजू, फणस यांसारखी सदाहरित झाडे असतील, तर ऋतूंचा फरक कमी पडतो. परंतु अडथळा बारमाही राहतो.

झाडे कोठे आहेत, यालाही फार महत्त्व आहे. विटी टोकाला निमुळती असल्याने टोकाजवळचे झाड अँटेना थोडी वर वा बाजूला सरकवून टाळता येते. शाळेच्या छपराच्या एका कोपऱ्यातून बंद असलेली वाट दुसऱ्या कोपऱ्यातून मोकळी सापडणे नवलाचे नाही. मधोमध असलेली झाडी मात्र अशी टळत नाही. तेथे तीन मार्ग उरतात : मनोरा उंचावणे, मधल्या टेकडीवर पुनर्प्रक्षेपण केंद्र बसवून दुव्याचे दोन तुकडे करणे किंवा कमी वारंवारता वापरणे. तिसऱ्या मार्गाची किंमत असते. वारंवारता घटली, की अँटेना मोठी होते, फ्रेनेल क्षेत्र फुगते आणि माहितीचा वेग उतरतो. नदीची पातळी वा पावसाची नोंद एवढीच माहिती पाठवायची असेल, तर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा खुला पट्टा उत्तम. चलच्चित्रासाठी तो अपुरा ठरतो.

यंत्र अँटेनेलगत मनोऱ्यावरच बसवावे आणि खाली केवळ माहिती व वीज वाहणारी केबल आणावी. लांब समाक्ष केबलमध्ये मौल्यवान डेसिबल वाया जातात. अँटेनेचा झोत जेमतेम आठ अंश रुंद असल्याने दोन्ही टोकांना एकेक माणूस ठेवून, मोबाइलवर बोलत, अंशाअंशाने जुळवणी करावी लागते. मोजलेला आकडा हिशेबापेक्षा १५-२० डेसिबलने कमी आला, तर अँटेना मुख्य झोताऐवजी बाजूच्या उपझोतावर जुळल्याची शंका घ्यावी. लांब अंतरासाठी यंत्रातील पोचपावतीची प्रतीक्षा वाढवावी लागते. लहरीला तीस किलोमीटर जाण्यास १०० मायक्रोसेकंद लागतात. घरगुती यंत्र तेवढे थांबत नाही आणि पोहोचलेली माहितीही हरवली असे समजून पुन्हापुन्हा पाठविते. जोडण्यांना जलरोधक आवरण, खांबाला पक्के अर्थिंग आणि तडितरक्षक यांत काटकसर करू नये.

नियमांची चौकट

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा बाहेरील वापरासाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००७ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्झमधील अन्य विस्तृत पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्ये खुले झाले. परवानामुक्त याचा अर्थ निर्बंधमुक्त असा नव्हे. शक्तीची मर्यादा पाळावी लागते, उपकरण मान्यताप्राप्त असावे लागते आणि शेजारच्या यंत्राचा अडथळा झाल्यास संरक्षण मागता येत नाही. इतरांना मोबदला घेऊन इंटरनेट पुरवायचे असल्यास दूरसंचार विभागाची स्वतंत्र मान्यता आवश्यक असते.

वाटेतील झाड तोडणे हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय कायद्याने सोपा नाही. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा, तर अन्यत्र १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. वनजमिनीवर मनोरा उभारायचा झाल्यास १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या तरतुदी लागू होतात. शिवाय तो उपाय टिकाऊही नसतो. एक झाड तोडले, तरी मागचे दोन वाढतात.

म्हणूनच अनुभवी अभियंते झाडीशी झगडण्याऐवजी तिला वळसा घालण्याचा सल्ला देतात. झाडे दरसाल किती वाढतील याचा अंदाज घेऊन पाच-दहा वर्षांचा हिशेब आधीच मांडलेला असेल आणि भर पावसाळ्यात चाचणी घेतलेली असेल, तर दुवा वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो. तो हिशेब चुकला, तर त्याची किंमत आषाढातल्या एखाद्या रात्री, रस्ते बंद असताना, आरोग्य उपकेंद्रातून डॉक्टरांशी संपर्क साधू पाहणाऱ्या परिचारिकेला मोजावी लागते.